वेलोसिओ : चढावरही सायकलवरून न उतरण्याचा ध्यास

फ्रान्सच्या पूर्व-मध्य भागातील सेंत-एतिएन या औद्योगिक शहरातून दक्षिणेकडे जाणारा रस्ता शहराची हद्द सुटताच चढू लागतो. डझनभर किलोमीटर वळणे घेत, पाइन वृक्षांच्या दाट रानातून तो 1161 मीटर उंचीच्या खिंडीत पोहोचतो. या खिंडीचे नाव कॉल द ला रेपुब्लिक. स्थानिक लोक तिला ग्रां-ब्वा, म्हणजे मोठे रान, असेही म्हणतात. खिंडीत एक स्मारक आहे. ते कोणा सेनापतीचे नाही, राजकीय नेत्याचेही नाही. ज्यांचे नाव कोणत्याही नामांकित शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत सापडत नाही, अशा एका सायकलस्वाराचे ते स्मारक आहे. त्यांचे नाव पॉल द विवी. जगभरचे सायकलप्रेमी त्यांना वेलोसिओ या टोपणनावाने ओळखतात.

आज कोणतीही गिअरची सायकल हाती घेतली, तर तिच्या मागच्या चाकाजवळ साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी एक छोटी यंत्रणा दिसते. तिला डेरेलर म्हणतात. ही कल्पना एकट्या वेलोसिओ यांची नव्हे. त्या काळात फ्रान्स व इंग्लंडमधील अनेक कारागीर याच प्रश्नाशी झुंजत होते. परंतु सामान्य माणसाने घाट चढावा, रात्रंदिवस प्रवास करावा आणि त्यासाठी सायकलच माणसाच्या शक्तीप्रमाणे घडवावी, हा आग्रह चार दशके लावून धरणारा दुसरा माणूस त्या काळात आढळत नाही. या आग्रहापायी त्यांनी चालता व्यवसाय सोडला आणि फ्रान्समधील सर्वात प्रभावशाली क्रीडा संपादकाचा रोष ओढवून घेतला.

रेशमाकडून सायकलीकडे

पॉल द विवी यांचा जन्म 29 एप्रिल 1853 रोजी दक्षिण फ्रान्समधील व्होक्लूझ प्रांतातील पेर्न-ले-फोंतेन या गावी झाला. हा प्रोव्हान्सचा प्रदेश. द्राक्षमळे, उन्हाने भाजलेली पठारे आणि क्षितिजावर मों व्हान्तू हा उघड्या माथ्याचा पर्वत. सायकलस्वारांची कसोटी पाहणारा पर्वत म्हणून व्हान्तू पुढे जगप्रसिद्ध झाला. विवी यांच्या बालपणी मात्र सायकल नावाची वस्तू त्या भागात जवळजवळ अज्ञातच होती. त्यांचे शिक्षण अभिजात भाषांच्या परंपरेत झाले. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांची गोडी तेव्हा लागली, ती जन्मभर टिकली.

शिक्षणानंतर ते रेशमाच्या व्यापारात शिरले आणि सेंत-एतिएन येथे स्थिरावले. ल्यों हे रेशमाचे शहर. त्याच्या शेजारचे सेंत-एतिएन रेशमी फितींसाठी, कोळशाच्या खाणींसाठी आणि बंदुकांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. बंदुकीच्या नळ्या घडवणारे कुशल हात ज्या गावात असतात, तेथे सायकलचा सांगाडा घडवणे अवघड जात नाही. 1886 मध्ये गोतिए बंधूंनी फ्रान्समधील पहिल्या साखळीच्या सायकलींपैकी एक याच शहरात तयार केली. पुढे ‘इरोंदेल’ या नावाच्या सायकली येथूनच देशभर गेल्या. विवी यांच्या आयुष्याला जी कलाटणी मिळाली, तिच्यामागे या शहराचा वाटा मोठा होता.

1881 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी पहिली सायकल घेतली. ती आजच्यासारखी नव्हती. पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच, मागचे अगदी लहान, आणि पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले. रस्त्यातला एखादा दगड चुकवता आला नाही, तर स्वार डोक्यावर आपटत असे. या सायकलवर सहा तासांत शंभर किलोमीटर जाण्याची पैज त्यांनी घेतली आणि डोंगराळ मुलखातील शेझ-द्यू गावाकडे प्रस्थान ठेवून ती जिंकली, अशी कथा त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. पैजेपेक्षा महत्त्वाचे म्हणजे त्या दिवशी पाहिलेले डोंगर आणि दऱ्या त्यांच्या मनातून गेल्या नाहीत. रेशमाच्या गाठोड्यांत त्यांचे मन फारसे रमेना.

सहा वर्षांनी, 1887 मध्ये, त्यांनी रेशमाचा धंदा सोडला. तेव्हा ते चौतिशीत होते आणि पत्नी व तीन मुलांचा संसार पाठीशी होता. प्रतिष्ठित व्यापार सोडून सायकली विकणे हे तत्कालीन मध्यमवर्गीय फ्रेंच समाजात शहाणपणाचे मानले जाणे शक्यच नव्हते. त्यांनी सायकलींची एजन्सी उघडली आणि इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्रीहून सायकली मागवण्यास आरंभ केला. त्याच वर्षी ‘ल सिक्लिस्त फोरेझियँ’ हे मासिकही सुरू केले. फोरे हा सेंत-एतिएनभोवतीचा प्रदेश. लवकरच मासिकाचे नाव केवळ ‘ल सिक्लिस्त’, म्हणजे सायकलस्वार, एवढेच राहिले आणि त्याचे वाचक फोरेच्या सीमा ओलांडून देशभर पसरले. विवी या मासिकात वेलोसिओ या नावाने लिहीत. हळूहळू खरे नाव मागे पडले.

एका चिलीमवाल्याने केलेली मात

इंग्लंडहून सायकली आणून विकण्यात त्यांचे समाधान झाले नाही. 1880 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःची सायकल घडवून घेतली आणि तिला ‘ला गोलुआझ’ हे नाव दिले. दोन समान चाके, चौकटीचा सांगाडा, मागच्या चाकाला फिरवणारी साखळी, असे तिचे रूप होते. गिअर मात्र एकच.

याच काळात ग्रां-ब्वाच्या चढावर घडलेली एक घटना सायकलविश्वात आजही सांगितली जाते. वेलोसिओ आपल्या सायकलवर धापा टाकत चढत असताना त्यांच्याच मासिकाचा एक वाचक तोंडात चिलीम धरून, धूर सोडत, आरामात त्यांना मागे टाकून पुढे गेला. दिखाऊपणाने पायडल मारू नये हा वेलोसिओ यांचा नियम होता. तरी तो माणूस पुढे निघून गेला, याची रुखरुख त्यांना लागली. गोष्टीला कालौघात थोडे मीठमसाला लागला असेलही. परंतु तिच्यातून जो प्रश्न उभा राहिला, तो खरा होता : पाय तेच आणि रस्ता तोच असताना एका सायकलवर घाट सोपा आणि दुसऱ्या सायकलवर अशक्य कसा ठरतो?

उत्तर साध्या गणितात आहे. पुढच्या दातेरी चक्राला 48 दाते आणि मागच्याला 16 दाते असतील, तर पायडलची एक फेरी पूर्ण होताच मागचे चाक तीन वेळा फिरते. चाकाचा परीघ सुमारे 2.1 मीटर धरला, तर एका फेरीत सायकल 6.3 मीटर पुढे सरकते. सपाट रस्त्यावर हे उत्तम. आता दोन्हीकडे 24 दाते घेतले, तर एका फेरीत सायकल 2.1 मीटरच जाईल. तोच चढ चढण्यासाठी तिप्पट फेऱ्या माराव्या लागतील, पण प्रत्येक फेरीला पायावर पडणारा भार एक तृतीयांश होईल. एकच गिअर असलेल्या सायकलस्वाराला यातील एकाचीच निवड करता येते. सपाटीचा गिअर घेतला, तर घाटात उतरून सायकल ढकलावी लागते. घाटाचा घेतला, तर सपाटीवर पाय गरागरा फिरूनही गाडी पुढे जात नाही. काळी, भक्कम, एका गिअरची भारतीय सायकल ज्यांनी चढावर हाताने ढकलली आहे, त्यांना यावर अधिक काही सांगण्याची आवश्यकता नाही.

वेलोसिओ यांना हा पर्यायच मान्य नव्हता. त्यांनी गोलुआझला पुढे लहान-मोठी दोन दातेरी चक्रे बसवली. गिअर बदलायचा तर खाली उतरून हाताने साखळी उचलून दुसऱ्या चक्रावर ठेवावी लागे. ही सोय ओबडधोबड होती, पण तिच्यामुळे घाट चढता येऊ लागला. नंतर त्यांनी सायकलच्या डाव्या बाजूलाही दोन चक्रे आणि साखळी बसवली. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन, असे चार गिअर झाले. दोन्ही बाजूंना साखळ्या खडखडत जाणारी ती सायकल पाहून रस्त्यावरचे लोक थबकत असतील.

1901 च्या सुमारास ‘व्हिपेट’ या इंग्लिश सायकलची चार गिअरची यंत्रणा त्यांच्या पाहण्यात आली. तिच्यातले पुढचे चक्रच दुभंगून लहान-मोठे होत असे आणि पायडल उलटे मारून गिअर बदलता येत असे. न उतरता गिअर बदलणे शक्य आहे, हे यातून सिद्ध झाले. वेलोसिओ आणि त्यांच्याभोवती जमलेले सेंत-एतिएनचे कारागीर यानंतर साखळीच एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवण्याच्या खटपटीस लागले. या शहरात तयार झालेल्या आरंभीच्या डेरेलरांपैकी ‘ल शेमिनो’ हा विशेष नावारूपास आला. शेमिनो म्हणजे वाटसरू, भटक्या. या मंडळींच्या वृत्तीला याहून समर्पक नाव शोधून सापडले नसते.

यातून वेलोसिओ श्रीमंत झाले नाहीत. आपल्या कल्पनांवर त्यांनी पेटंटचा हक्क सांगितला नाही. जे सुचले, जे करून पाहिले, जे फसले, ते सर्व मासिकात छापले. वाचकही आपापल्या सायकलींवर प्रयोग करून गिअर, अंतर, चढ आणि खाल्लेले अन्न यांची आकडेवारी कळवत. ‘ल सिक्लिस्त’ हे एका परीने देशभर विखुरलेल्या हौशी सायकलघडव्यांची प्रयोगशाळाच होते. कारखानदार ग्राहकाला तयार सायकल देत. येथे ग्राहकच आपल्या मनातली सायकल कागदावर मांडत होता आणि गावातल्या लोहाराकडून, कारागिराकडून ती घडवून घेत होता.

संपादकाशी मतभेद

गिअरच्या सायकलीस सर्वात मोठा विरोध झाला, तो सायकलजगतातूनच. त्याचे अग्रणी होते आंरी देग्रांज. 1893 मध्ये एका तासात 35.325 किलोमीटर अंतर कापून विक्रम नोंदवणारे हे माजी शर्यतपटू नंतर ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचे संपादक झाले आणि 1903 मध्ये त्यांनी टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू केली. देग्रांज यांच्या दृष्टीने शर्यत ही माणसाच्या स्नायूंची परीक्षा होती. यंत्राने तिच्यात लुडबुड करू नये, असे त्यांचे मत होते.

1902 मध्ये टूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेने प्रवासी सायकलींची डोंगराळ मार्गावर चाचणी घेतली. सुमारे 240 किलोमीटरचा मार्ग आणि सगळे चढ मिळून जवळजवळ चार हजार मीटरची उंची. एका गिअरच्या सायकलवर एदुआर फिशर हे नामवंत शर्यतपटू होते, तर मार्थ एस ही तरुणी तीन गिअरच्या गोलुआझवर स्वार होती. संपूर्ण मार्गात एकदाही जमिनीवर पाय न टेकता तिने चाचणी पूर्ण केली आणि नावाजलेल्या पुरुष खेळाडूवर सरशी केली, असा वृत्तान्त वेलोसिओ यांच्या चरित्रकारांनी दिला आहे. यावर देग्रांज यांनी लिहिले, त्याचा आशय असा की, चाचणी उत्तम झाली, पण बदलते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी आहेत. तरुणांनी एकाच गिअरवर आपल्या ताकदीने जिंकावे.

देग्रांज यांची बाजू केवळ हेकटपणाची होती असे म्हणता येणार नाही. आरंभीचे डेरेलर नाजूक होते. चिखलात ते अडकत, साखळी निसटे, घर्षणाने शक्ती वाया जाई. त्या काळच्या खडीच्या रस्त्यांवर रात्री-अपरात्री शेकडो किलोमीटर धावणाऱ्या शर्यतपटूंना एका गिअरची भक्कम सायकलच अधिक भरवशाची वाटत असे. परंतु ही अडचण यंत्राची होती, तत्त्वाची नव्हती. यंत्र सुधारता येते, हे वेलोसिओ पुन्हापुन्हा दाखवत राहिले. शर्यतीच्या संयोजकांनी मात्र तांत्रिक अडचणीला नैतिक नियमाचे रूप दिले.

योगायोगाची गोष्ट अशी की, पहिल्याच टूरमध्ये, 1903 साली, दुसऱ्या टप्प्यात ल्योंहून मार्सेयकडे जाताना शर्यत वेलोसिओ यांच्याच घाटातून गेली. कॉल द ला रेपुब्लिक ही टूरने ओलांडलेली हजार मीटरहून उंच अशी पहिली खिंड होय. इपोलित ओकुत्युरिए तेथे सर्वांत आधी पोहोचले. पुढच्या वर्षी त्याच चढावर एका स्थानिक खेळाडूच्या चाहत्यांनी रात्रीच्या अंधारात इतर स्पर्धकांवर हल्ला केला आणि जमावाला पांगवण्यासाठी संयोजकांना हवेत पिस्तुले झाडावी लागली. शर्यतपटू या घाटाला अनेक वर्षे एकाच गिअरवर तोंड देत राहिले. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळी दातेरी चक्रे लावलेली असत; घाट आला की खाली उतरून, चाक काढून, उलटे करून पुन्हा बसवावे लागे. थंडीत बोटे गारठलेली असताना हे काम किती जिकिरीचे होत असेल, याची कल्पना करता येईल. दरम्यान त्याच रस्त्यावर, चाळिशी-पन्नाशीचे शिक्षक, दुकानदार आणि कारकून गिअर बदलत निवांतपणे चढून जात होते.

प्रवासाचे शास्त्र

सायकलवरून रमतगमत, पण दूरवर केलेल्या प्रवासाला फ्रेंच भाषेत सिक्लोतुरिस्म म्हणतात. ही संकल्पना फ्रान्समध्ये रुजवण्याचे श्रेय मुख्यतः वेलोसिओ यांना दिले जाते. रमतगमत म्हटले तरी त्यांचे प्रवास लेचेपेचे नव्हते. संध्याकाळी दुकान बंद करून निघावे, रात्रभर सायकल चालवावी, आल्प्समधल्या एखाद्या खिंडीत किंवा रोन नदीच्या खोऱ्यात सूर्योदय पाहावा आणि दुसऱ्या रात्रीही थांबू नये, असा त्यांचा परिपाठ होता. साठी उलटल्यावरही हा क्रम सुटला नाही. दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत ते शिष्यमंडळींना घेऊन आपल्या मूळ प्रदेशात, प्रोव्हान्समध्ये जात. सेंत-एतिएनच्या धुरकट, थंड हवेतून निघालेल्या या मंडळींना उतारावर प्रथम बदामाची झाडे आणि मग ऊन भेटत असे.

या अनुभवांतून त्यांनी दूरच्या प्रवासासाठी सात नियम तयार केले. ते आजही सायकलस्वारांच्या तोंडी आहेत. थांबे थोडे आणि छोटे असावेत, म्हणजे शरीराची लय मोडत नाही. भुकेची वाट न पाहता थोडे थोडे, वारंवार खावे, आणि तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे. भूक व झोप उडावी इतके दमेपर्यंत जाऊ नये. थंडी वाजण्यापूर्वी अंगावर घ्यावे, उकडण्यापूर्वी काढावे. प्रवासात तरी मद्य, मांस आणि तंबाखू वर्ज्य करावी. पहिल्या काही तासांत अंगात जोर असतो, तेव्हाच तो राखून ठेवावा. आणि केवळ दुसऱ्याला दाखवण्यासाठी कधीही पायडल मारू नये. आजच्या क्रीडावैद्यकाची पुस्तके उघडली, तर खाण्यापिण्याविषयी फारसे वेगळे काही मिळणार नाही. शेवटच्या नियमाबद्दल ती पुस्तके काही बोलत नाहीत, आणि सर्वाधिक मोडला जाणारा नियमही तोच आहे.

वेलोसिओ स्वतः शाकाहारी होते. एस्पेरान्तो या जागतिक भाषेचे ते पुरस्कर्ते होते. सेनेका या रोमन तत्त्वचिंतकाचे लेखन त्यांच्या नित्य वाचनात असे. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची त्यांना विलक्षण हौस होती. कोणत्या आहारावर किती तास चालवता येते, कोणत्या गिअरवर कोणता चढ किती वेळात सर होतो, याच्या नोंदी ते ठेवत आणि छापत. त्यात बढाईचा भाग कमी आणि हिशेबाचा अधिक असे.

चाकांविषयीचे त्यांचे विचार तर काळाच्या फारच पुढे होते. अरुंद, टणक फुगवलेला टायर वेगवान, ही समजूत त्या काळी सर्वत्र होती आणि पुढेही शतकभर टिकली. वेलोसिओ यांनी रुंद, लवचीक टायर वापरून पाहिले, सुमारे पन्नास सेंटिमीटर व्यासाची लहान चाकेही वापरली आणि खडबडीत रस्त्यावर यामुळे वेग घटत नाही, उलट शरीराला बसणारे धक्के कमी होऊन थकवा कमी येतो, असा निष्कर्ष काढला. एकविसाव्या शतकात शर्यतीच्या सायकलींचे टायर 23 मिलिमीटरवरून 28 आणि त्याहून अधिक रुंद झाले, तेव्हा हाच मुद्दा नव्याने शोध लागल्याप्रमाणे मांडला गेला.

त्यांच्या विचारांभोवती जमलेल्या सायकलस्वारांना सेंत-एतिएनचे घराणे म्हणूनच ओळखले जाऊ लागले. गाण्याच्या घराण्याप्रमाणे येथेही गुरू, शिष्य आणि विशिष्ट शैली होती. सायकलला अनेक गिअर हवेत, चिखलरोधक हवेत, दिवा हवा, सामान ठेवण्याची सोय हवी आणि तरीही ती हलकी हवी, असे या घराण्याचे मत. 1922 पासून त्यांच्या सन्मानार्थ ग्रां-ब्वाच्या चढावर वेलोसिओ दिन साजरा होऊ लागला. वृद्ध वेलोसिओ स्वतः या चढाईत सहभागी होत.

अखेर आणि त्यानंतर

फेब्रुवारी 1930 मध्ये सेंत-एतिएनच्या रस्त्यावर त्यांना अपघात झाला. त्यांचे वय तेव्हा 76 वर्षांचे होते. गर्दीच्या रस्त्यावर सायकलवर बसणे धोक्याचे म्हणून ते सायकल हाताने धरून पायी चालले होते. समोरून येणारी मोटार चुकवण्यासाठी ते मागे सरले आणि ट्रामखाली सापडले. हजारो किलोमीटरचे घाट, रात्री आणि हिमवादळे ज्यांनी सायकलवर पार केली, त्यांना मृत्यूने शहरातल्या रस्त्यावर, पायी चालताना गाठले.

टूर द फ्रान्समध्ये डेरेलरला रीतसर परवानगी मिळाली, ती 1937 मध्ये. देग्रांज यांनी आजारपणामुळे आदल्या वर्षी शर्यतीची सूत्रे जाक गोदे यांच्याकडे सोपवली होती. त्या वर्षी रोजे लापेबी यांनी डेरेलर लावलेल्या सायकलवर टूर जिंकली. यानंतर एका गिअरच्या शर्यतीची सायकल रस्त्यावरून झपाट्याने दिसेनाशी झाली. वेलोसिओ यांना जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती आणि मार्थ एसच्या चाचणीला पस्तीस.

त्यांच्या प्रवासी सायकलीची परंपरा पॅरिसच्या कारागिरांनी पुढे नेली. 1930 आणि 1940 च्या दशकांत आलेक्स सँजे, रने एर्स यांच्यासारख्या कारागिरांनी गिऱ्हाइकाच्या मापाने, हाताने एकेक सायकल घडवली. हलक्या सायकलींच्या तांत्रिक स्पर्धा भरत. दिवा, चिखलरोधक आणि सामानाचा कॅरिअर असूनही दहा किलोंच्या आत बसणाऱ्या सायकली या स्पर्धांत खडबडीत डोंगरी रस्त्यांवर तपासल्या जात. या सायकली आज जपान आणि अमेरिकेतील संग्राहक मोठी किंमत देऊन विकत घेतात. स्वप्नातली सायकल आपल्या मापाने घडवून घेण्याचा जो छंद जगभर दिसतो, त्याची मुळे या कार्यशाळांत आणि त्याही आधी ‘ल सिक्लिस्त’च्या पानांत आहेत.

भारतातील, विशेषतः पुणे, मुंबई, नाशिक परिसरातील दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वारांशीही या इतिहासाचा धागा जुळतो. ब्रेव्हे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या सफरी भारतात ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनर्स या संस्थेच्या माध्यमातून होतात. 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. मुदतीत पोहोचला तो यशस्वी. या सफरींना मान्यता देणारी मूळ संस्था आहे ऑडॅक्स क्लब पारिझियँ. तिची स्थापना 1904 मध्ये झाली, ती देग्रांज यांनी फ्रान्समध्ये आणलेल्या, सर्वांनी एकत्र ठरावीक वेगाने जाण्याच्या सफरींसाठी. 1921 मध्ये देग्रांज यांच्याशी बिनसल्यावर या क्लबने प्रत्येकाने आपापल्या वेगाने जावे अशी नवी पद्धत सुरू केली. वेलोसिओ यांना रुचावी अशीच ही पद्धत होती. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या 1200 किलोमीटरच्या विख्यात सफरीत अलीकडच्या काळात शेकडो भारतीय सहभागी झाले आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या सायकलींना वीस-बावीस गिअर असतात.

याच क्लबने 1947 पासून ईस्टरच्या सुमारास ‘फ्लेश वेलोसिओ’, म्हणजे वेलोसिओचा बाण, या नावाची सफर सुरू केली. तीन ते पाच सायकलींचा चमू वेगवेगळ्या गावांहून निघतो, चोवीस तासांत किमान 360 किलोमीटर अंतर कापतो आणि प्रोव्हान्समधील ठरलेल्या ठिकाणी एकत्र येतो. वाटेत कोठेही दोन तासांहून अधिक थांबता येत नाही. रात्र सायकलवरच काढावी लागते आणि उजाडताना ही मंडळी दक्षिणेच्या वाटेवर असतात.